सौर पाणी तापक संच : नागपुरातील बसवणी आणि भरणी

घरगुती सौर पाणी तापक, नागपूरच्या बोलण्यात नुसता ‘सोलर’, हा गच्चीवरच्या काचेच्या नळ्यांत उन्हाने पाणी तापवून वरच्या टाकीत साठवणारा संच आहे. त्याला पंप लागत नाही. नळीतले पाणी तापले की हलके होऊन टाकीत चढते आणि टाकीतले गार पाणी त्याच नळीतून खाली उतरते. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला गिझरला सुमारे ४ युनिट वीज लागते. हिवाळ्यातल्या निरभ्र दिवसाचे ऊन साधारण तेवढे काम करते.

दुसरा प्रकार सपाट पट्टीचा. हा तांब्याचा संच टिकाऊ असतो. १०० लिटरला त्याचे सुमारे २ चौरस मीटर क्षेत्र लागते. मात्र जिथे बोअरचे जड पाणी वापरतात तिथे त्याच्या बारीक तांब्याच्या नळ्या क्षाराने बुजतात, म्हणून शहरात काचेच्या निर्वात नळ्यांचे, म्हणजे दुहेरी काचेच्या मधली हवा काढून टाकलेल्या नळ्यांचे, संच अधिक दिसतात. पेंच-कन्हान नद्यांवरून येणाऱ्या नळाच्या पाण्यावर हा त्रास कमी असतो. १०० लिटरच्या संचाला ५८ मिलिमीटर व्यासाच्या, १८०० मिलिमीटर लांबीच्या साधारण १० नळ्या असतात. एका नळीत अडीच ते पावणेतीन लिटर पाणी मावते. म्हणजे भरल्यावर नुसत्या पाण्याचेच वजन सव्वाशे किलो होते. सांगाडा शक्यतो तुळईवर किंवा भिंतीच्या रेषेवर घ्यावा. कोब्याला भोके पाडून बोल्ट मारू नयेत, पावसाळ्यात खालच्या खोलीचे छत गळते. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांतच बोल्ट बसवावेत, कारण मे-जूनच्या वादळी वाऱ्यात रिकामा सांगाडा सहज उलटतो.

नळ्यांचा उतार दक्षिणेकडे हवा. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे; गरम पाण्याची गरज हिवाळ्यात असल्याने उतार अक्षांशाहून १० अंश अधिक, म्हणजे ३० अंशांच्या आसपास ठेवतात. याचा दुसरा फायदा उन्हाळ्यात कळतो. मेअखेर, ऐन नवतप्यात (कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), दुपारी सूर्य इथे डोक्यावर येतो आणि उभट नळ्यांवर ऊन तिरपे पडते, म्हणून पाणी नको तेवढे तापत नाही. सावलीचा हिशेब डिसेंबरचा करावा : तेव्हा सकाळी नऊच्या सुमारास सावली वस्तूच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट लांब पडते. ४ फुटी कठड्यापासून नळ्यांचा पायथा ८ फूट मागे हवा.

गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलर टाकीच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी वर असावा. घरोघरी चुकते ते इथेच : गार टाकी आधीच सपाट गच्चीवर मांडलेली असते आणि मग सोलर अर्धाच भरतो. हवेची उभी नळी सोलर टाकीच्या माथ्यावरून निघून गार टाकीच्या भरलेल्या पातळीच्याही फूटभर वर जायला हवी; आखूड राहिली तर टाकी भरताच तिच्यातून पाणी सांडते. तिच्या तोंडावर कधीही नळ किंवा बूच बसवू नये. वाफ कोंडली तर टाकी फुगते. सोलरला गार पाण्याची लाइन टाकीपासून स्वतंत्र घ्यावी आणि आडव्या भागात झडपेचा एकदिशा व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर गार टाकी संपली की गरम पाणी त्याच वाटेने उलटे खालच्या नळांना जाते.

गरम बाजूला साधी पीव्हीसी चालत नाही, ती मऊ पडून लोंबते. सीपीव्हीसी (उष्णता सोसणारे प्लास्टिक) किंवा जीआय (जस्त चढवलेले लोखंड) वापरावे आणि वर फोमचे वेष्टण चढवावे. लाइन जितकी लांब तितके थंड पाणी आधी वाहते : पाऊण इंची जीआयच्या १५ मीटरमध्ये साडेपाच लिटरच्या आसपास पाणी असते. न्हाणीघराच्या माथ्यावर सोलर ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

नळ्या बसवताना टाकीच्या भोकातला सिलिकॉनचा वायसर आधी पुसून सरळ करावा. नळीच्या तोंडाला साबणाचे पाणी लावून ती फिरवत फिरवत आत सारावी. तेल किंवा ग्रीस लावू नये. सरळ रेटली की वायसरची कड दुमडते आणि तिथून थेंब सुरू होतो.

भरणी हा सगळ्यात नाजूक टप्पा. रिकाम्या नळीचा आतला थर भर उन्हात २०० अंशांच्या पुढे तापतो. त्यावर गार पाणी सोडले की काच तडकते, आणि मिस्त्री दुपारी नळ्या चढवून लगेच कॉक उघडतो तेव्हा नेमके हेच होते. सूर्योदयापूर्वी भरावे, किंवा नळ्या दिवसभर ताडपत्रीखाली झाकून सूर्य मावळल्यावर दीड-दोन तासांनी. न्हाणीघरातला गरम नळ उघडा ठेवून गार कॉक पाव फिरवावा. मिनिटाला ५ लिटरच्या धारेने २५ मिनिटे लागतात. नळाला आधी फुसफुस, मग तुटक आणि शेवटी अखंड धार येते. धार एकसारखी झाल्यावर नळ बंद करून प्रत्येक वायसरभोवती कोरडा कागद फिरवावा. ओला झाला तर नळी फिरवून पुन्हा बसवावी. दुसऱ्या दिवशी टाकी तापल्यावर हीच तपासणी परत करावी.

टाकी भरली तरी नळाला पाणी येत नसेल तर बहुधा गरम लाइन मध्येच कमानीसारखी उठून तिथे हवा अडकलेली असते. लाइनला सलग उतार देणे हाच खरा उपाय. ते जमत नसेल तर कमानीच्या माथ्यावर हवेची नळी काढतात.

नळीच्या तळाचा चंदेरी मुलामा बेरियमचा असतो. तो पांढरा पडला की दोन काचांमध्ये हवा शिरून निर्वात गेली असे समजावे; तशी नळी चालू असताना बाहेरूनही गरम लागते. टाकीत मॅग्नेशियमची कांडी (टाकीऐवजी स्वतः गंजणारी) असल्यास जड पाण्यावर ती वर्षा-दोन वर्षांत झिजते. नळ्यांतला क्षार सौम्य आम्लाने धुतात.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचेच पाणी अंगावर घेववत नाही, मग सोलर कोण वापरणार? पाणी उकळून हवेच्या नळीतून वाफ निघत राहते. म्हणून काही घरांत एप्रिलमध्ये तो रिकामा करून ठेवतात, ही चूक आहे : वायसर वाळतात आणि नळ्या कोरड्या तापतात. भरलेलाच ठेवून अर्ध्याअधिक नळ्यांवर गोणपाट बांधावे. गारपिटीत एखादी नळी फुटली तर टाकीतले पाणी त्या भोकातून वाहून जाते आणि उरलेल्या नळ्यांना वरून गार पाणी मिळत नाही. अशा वेळी आधी गार कॉक बंद करून नळ्या झाकाव्यात, आणि नवी नळी दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी बसवावी.