उसाचा मित्र, डाळिंबाचा वैरी आणि गेंटचं कपाट

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या सूक्ष्मजीव संग्रहात एलएमजी ७६०३ आणि एलएमजी ८५९ अशा क्रमांकांचे दोन जिवाणू जपून ठेवलेले आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे आकडे ठाऊक असायचं कारण नाही, पण हे दोघेही त्याच्या चांगल्या ओळखीचे आहेत. पहिला म्हणजे उसाला हवेतला नत्र मिळवून देणारा ‘अ‍ॅसेटोबॅक्टर’. माळशिरस-पंढरपूरकडे उसाच्या बेणेप्रक्रियेसाठी कृषी सेवा केंद्रातून ज्याची बाटली आणतात, तोच. दुसरा म्हणजे डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा जिवाणू. पानावर तेलकट डाग, फळावर काळपट चट्टे, मग फळ तडकतं आणि व्यापारी बागेकडे फिरकत नाही. सांगोला-मंगळवेढ्याकडे तेल्या म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

पहिला ब्राझीलमधल्या उसातून वेगळा केला गेला, १९८८ च्या सुमारास. योहाना डोबरायनर यांच्या गटाचं ते काम. दुसरा मूळचा आपल्याकडचा. डाळिंबावरच्या या रोगाची भारतातली पहिली नोंद १९५२ ची, दिल्लीची. त्या जिवाणूचा संदर्भ म्हणून मानला जाणारा वाण, म्हणजे एकाच नमुन्यातून वाढवलेला वंश, गेंटमध्ये आहे, आणि २०१२ मध्ये चंडीगडच्या संशोधकांनी तेल्याच्या जिवाणूचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला तो याच ८५९ क्रमांकाच्या वाणाचा. सोलापुरात बागा जळत असताना रोगाचा अधिकृत नमुना बेल्जियमच्या कपाटात का, हे समजून घ्यायचं तर सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

वनस्पतीचा नमुना वाळवून कागदावर चिकटवला की शंभर वर्षांनी कोणीही येऊन ताडून पाहू शकतो. जिवाणूचं तसं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो जाती एकसारख्याच काड्या दिसतात. त्या काय खातात, काय सोडतात, कशाने मरतात, हे बघायचं तर तो जिवंत हवा. एका प्रयोगशाळेने ‘या जिवाणूने अमुक केलं’ असं छापलं आणि दुसरीला ते तपासायचं असेल, तर तोच जिवाणू तिच्या हाती यायला हवा. त्याच जातीचा दुसरा चालत नाही, कारण एकाच जातीचे दोन वाण एकमेकांपासून बरेच वेगळे निघू शकतात. म्हणून नव्या जातीचं वर्णन ज्यावरून केलं, तो प्रमाण वाण सांभाळून ठेवतात. नावं पुढे बदलत राहतात. अ‍ॅसेटोबॅक्टरचं शास्त्रीय नाव बदलून कधीच ग्लुकोनअ‍ॅसेटोबॅक्टर झालं, दुकानातल्या बाटलीला ते अजून कळलेलं नाही. क्रमांक मात्र तोच राहतो.

जिवंत ठेवणं हीच मोठी कटकट. कॉलेजातला मार्ग म्हणजे परीक्षानळीत अगारचा, म्हणजे जिवाणू वाढवायच्या घट्ट जेलीचा, तिरपा थर, त्यावर जिवाणू वाढवायचा, कापसाचा बोळा लावायचा, नळी फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांनी नव्या नळीत उतरवायचा. घरी विरजण राखतात तसंच हे. आणि विरजण जसं दर खेपेला थोडं बदलत जाऊन एक दिवस तार धरू लागतं, तसं इथेही होतं. पिढ्यांमागून पिढ्या आयत्या अन्नावर वाढलेला जिवाणू त्याचे मूळचे गुण हरवतो. रोग करणारा रोग करेनासा होतो, प्रतिजैविक बनवणारा ते बनवेनासा होतो. कधी दुसराच कोणी आत शिरतो आणि लेबल जुनंच राहतं.

यावरचा तोडगा म्हणजे शीतशुष्कन. जिवाणू साय काढलेल्या दुधासारख्या द्रवात मिसळून गोठवायचे, निर्वातात त्यातलं पाणी काढून घ्यायचं आणि काचेची कुपी ज्योतीवर वितळवून बंद करायची. तळाशी चिमूटभर पांढरट भुकटी उरते आणि ती दशकानुदशकं टिकते. कुपी उघडायचीही रीत आहे. आतल्या कापसाच्या बोळ्याच्या मध्यावर काचेवर कानशीने चरा पाडायचा, अल्कोहोलने पुसायचं, निर्जंतुक कापडात धरून अलगद मोडायची. इथे घाई केली तर हवा एकदम आत शिरते आणि भुकटी उडून हाताबाहेर जाते. मग थेंबभर पोषक द्रव घालून थोडा वेळ थांबायचं आणि प्लेटवर रेघोट्या ओढायच्या. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांएवढ्या वसाहती दिसल्या की कोणे एके काळी झोपवलेला जीव उठला म्हणायचा. हल्ली उणे ८० अंशांचे फ्रीजर आणि उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन आहेच, पण टपालाने पाठवायला कुपीच सोयीची.

पहिला सार्वजनिक संग्रह उभा केला फ्रांतिशेक क्राल यांनी, १८९० मध्ये, प्रागला. मागेल त्याला ते पैसे घेऊन जिवाणू पाठवत. त्यांनी सूची छापली, कोणाकडे काय आहे हे जगाला कळू लागलं. १९११ मध्ये ते वारले. संग्रह व्हिएन्नाच्या अर्न्स्ट प्रिब्राम यांच्याकडे गेला. काही भाग त्यांनी पुढे शिकागोला नेला. व्हिएन्नात मागे राहिलेला दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाला. माणसाच्या जिवावर उभा राहिलेला संग्रह माणसाबरोबर डगमगतो, हे पहिल्याच संग्रहाने दाखवून दिलं. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास म्हणजे ही अडचण सोडवण्याची धडपड आहे.

नेदरलँड्समध्ये ती सुटली. १९०७ मध्ये योहाना वेस्टरडाइक यांच्या हाती बुरशींचा एक छोटासा संग्रह आला. पुढच्या जवळपास अर्धशतकात त्यांनी तो हजारोंच्या घरात नेला आणि त्याला संस्थेचं रूप दिलं. १९१७ मध्ये त्या नेदरलँड्समधल्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. त्यांच्या हाताखाली ५६ जणांनी डॉक्टरेट केली, त्यातल्या जवळपास निम्म्या बाया. एल्मची झाडं वाळवणारी बुरशी त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या मुलींनी शोधली. बुरशी झाडाच्या आत वाढते, भुंगेरे तिला या झाडावरून त्या झाडावर नेतात, झाड उभ्याउभ्या वाळतं. खोडाला भोकं पाडणारा पिन होल बोरर आणि मर रोगाची बुरशी एकाच झाडावर पाहिलेल्या सांगोल्याच्या बागायतदाराला या जोडीचं नवल वाटणार नाही.

लंडनचा एनसीटीसी संग्रह १९२० चा. त्यातला क्रमांक एक वाचण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या लष्करी इस्पितळात १९१५ मध्ये अर्नेस्ट केबल नावाचा साधा शिपाई हगवणीने मेला. त्याच्यापासून वेगळा केलेला शिगेला जिवाणू म्हणजे एनसीटीसी १. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१४ मध्ये, तो उठवून त्याचा जनुकीय क्रम वाचला तेव्हा दिसलं की पेनिसिलिन त्याला मारू शकत नाही. फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं १९२८ मध्ये. म्हणजे औषध यायच्या आधीच त्याला दाद न देणारे जिवाणू खंदकांत फिरत होते. ही गोष्ट कुठल्याही तर्काने सिद्ध झाली नसती. त्याला ती जुनी कुपीच लागली.

पेनिसिलिनचं पुढचं पानही संग्रहातच लिहिलं गेलं. फ्लेमिंगची बुरशी फार थोडं औषध देत होती. अमेरिकेत पिओरियाच्या कृषी प्रयोगशाळेत जास्त देणाऱ्या बुरशीचा शोध सुरू झाला आणि १९४३ मध्ये बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर ती मिळाली. तिचा क्रमांक एनआरआरएल १९५१. हे साल नव्हे, नुसता नोंदवहीतला आकडा. योगायोग एवढाच की आपल्या पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह, एनसीआयएम, सुरू झाला तो १९५१ मध्येच. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली १९५४ मध्ये. मळीपासून अल्कोहोल, बुरशीपासून औषध, असा तो काळ होता आणि त्यासाठी खात्रीचं यीस्ट आणि खात्रीची बुरशी हवी होती. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी आहे, त्यातल्या अनेकांना जोडून डिस्टिलरी आहे. तिथल्या टाक्यांत फसफसणारं यीस्टही असंच कुठल्या तरी नळीपासून सुरू झालेलं असतं.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतला बुरशींचा संग्रह याहून जुना, १९३६ चा. चंडीगडचा एमटीसीसी १९८६ चा. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेच्या छत्राखाली उभा राहिलेला, आता एनसीएमआर म्हणून ओळखला जाणारा संग्रह लाखाहून अधिक वाण बाळगून आहे. सोलापूरहून पुणे रेल्वेने काही तासांचं. म्हणजे अंतराची सबब नाही.

संग्रहात नुसत्या पडून असलेल्या नळीचं पुढे काय होईल, हे कोणालाच सांगता येत नाही. यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांच्या विद्यार्थ्याने थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू मिळवला आणि अमेरिकेच्या एटीसीसी संग्रहात ठेवला. त्या काळी त्याचा उपयोग शून्य. पुढे सीटस कंपनीने तो ३५ डॉलरला मागवला, त्याच्या उष्णता सोसणाऱ्या एन्झाइमवर डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचं पीसीआरचं तंत्र पक्कं झालं आणि १९९३ मध्ये कॅरी मुलिस यांना नोबेल मिळालं. कोरोनाच्या दिवसांत नाकात काडी घालून जी चाचणी करायचे, तिचा आजोबा हाच.

मग कायदा आला. जिवाणूवर पेटंट मागायचं तर त्याचं वर्णन कागदावर पुरेसं होत नाही, नमुनाच जमा करावा लागतो. आनंदमोहन चक्रवर्ती यांनी तेल पचवणाऱ्या जिवाणूवर अमेरिकेत पेटंट मागितलं, त्यांचे वाण पिओरियाच्याच संग्रहात जमा होते. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी बुडापेस्ट करार लागू झाला. एका मान्य संग्रहात जमा केलेला वाण सगळ्या सदस्य देशांनी मान्य करायचा, असा तो करार. भारत त्यात आला २००१ मध्ये. चंडीगडला ती मान्यता २००२ मध्ये मिळाली, पुण्याच्या एनसीएमआरला २०११ मध्ये.

दुसऱ्या बाजूने एक गाठ बसली. २००१ पासून नियम असा की नव्या जिवाणू जातीचा प्रमाण वाण दोन वेगळ्या देशांतल्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या संग्रहांत ठेवल्याशिवाय नाव मान्य होत नाही. आणि २००२ च्या आपल्या जैवविविधता कायद्याने देशातलं जैविक साधन बाहेर पाठवण्यावर बंधनं आली. एक म्हणतं बाहेर ठेवा, दुसरं म्हणतं विचारल्याशिवाय पाठवू नका. दोन्हीमागचा विचार चुकीचा नाही. तेल्याच्या वाणासारखे नमुने पूर्वी सहज परदेशी गेले आणि तिथेच संदर्भ ठरले, त्याचा सल त्या कायद्यामागे आहेच. पण कागदपत्रांच्या भीतीने संशोधक वाण कुठेच जमा करत नसेल, तर नुकसान आपलंच.

सोलापुरात हे नुकसान कसं होतं, ते बघा. इथे विद्यापीठ २००४ पासून आहे, त्याआधी कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. सूक्ष्मजीवशास्त्राची मुलं प्रकल्पासाठी चादरी-टॉवेलच्या रंगखान्यांच्या सांडपाण्यातून रंग पचवणारे जिवाणू शोधतात, ज्वारीच्या मुळाशी असलेले शोधतात, मळीतलं यीस्ट शोधतात. निष्कर्ष छापले जातात, पदवी मिळते. नळ्या फ्रिजमध्ये राहतात. मार्गदर्शक निवृत्त होतात, उन्हाळ्यात वीज जाते, अगार सुकून काचेला चिकटतो, पुढच्या बॅचला नळ्या हव्या असतात म्हणून सगळं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये जातं. यात कोणाचा दुष्टपणा नाही. पण छापलेला तो निष्कर्ष आता कोणालाही तपासता येणार नाही. उलट उदाहरण स्टॅनफर्डचं. १९२२ मध्ये एका रुग्णाच्या शौचातून मिळालेला के-१२ नावाचा ई. कोलाय तिथे विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी वर्षानुवर्षं राखून ठेवला होता. चाळीसच्या दशकात टेटम आणि लेडरबर्ग या शास्त्रज्ञांच्या हातात तो पडला आणि जनुकशास्त्राचा अर्धा डोलारा त्याच्यावर उभा राहिला.

शहरातल्या तपासणी प्रयोगशाळांना ही शिस्त रोज पाळावी लागते. लघवीच्या कल्चरमध्ये कुठलं औषध लागू पडेल ते बघताना औषध भरलेल्या कागदी चकत्या बरोबर आहेत ना, याची खात्री ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या वाणावर करतात. जेंटामायसिनच्या चकतीभोवती १९ ते २६ मिलिमीटरचं, जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ आलं तर ठीक, नाही तर चकतीत, माध्यमात किंवा करणाऱ्याच्या हातात काही तरी गडबड आहे. सोलापूरचा रिपोर्ट आणि लंडनचा रिपोर्ट जुळतो तो या एका क्रमांकामुळे.

डाळिंबाकडे परत येऊ. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे. तेल्यावर शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक फवारलं, तांब्याची बुरशीनाशकं मिसळून फवारलं. पूर्वी आटोक्यात यायचा, आता येत नाही, असं बागायतदार म्हणतात. त्यांचं म्हणणं खरं की हवामानाचा दोष, हे तपासायचं तर वीस वर्षांपूर्वीचा जिवाणू हातात हवा. तो आणि यंदाचा एकाच दिवशी, एकाच माध्यमावर, एकाच चकतीने तपासले की उत्तर मिळतं. त्यासाठी त्या काळी कोणी तरी बागेतली पानं नेऊन जिवाणू वेगळा करून, नोंदवून, कुपीत बंद करायला हवा होता.

संग्रहाचे अर्ज त्यामुळेच चौकस असतात. नमुना कुठल्या गावचा, कुठल्या तारखेचा, कुठल्या झाडाच्या पानाचा की फळाचा, कोणी वेगळा केला, कुठल्या माध्यमावर आणि किती तापमानाला वाढतो, माणसाला किंवा पिकाला धोका आहे का. हे रकाने भरायला पत्ता आणि तारीख त्याच दिवशी वहीत लिहिलेली असावी लागते. नळीवर मार्करने नुसतं ‘डा-३’ लिहून ठेवलं असेल, तर वर्षभराने लिहिणाऱ्यालाही ते कुठलं डाळिंब, हे आठवत नाही.