पंखा काढलेल्या वायरीत ७८ व्होल्ट

गेल्या महिन्यात नौपाड्यातल्या आमच्या घरचा पंखा वाइंडिंगला दिला. हुकापाशी दोन वायरी लोंबत राहिल्या. बटण बंद होतं, तरी त्यांना टेप गुंडाळण्याआधी मल्टिमीटर लावून पाहिला. पडद्यावर ७८.४ व्होल्ट!

कपाटातला जुना, स्वस्तातला पिवळा मीटर काढला. त्याच वायरी, पण त्याच्यावर ०४.९. आता खरं कोणाचं?

वायरमनने दोन्ही मीटर बाजूला सारले आणि पिशवीतून होल्डरला लावलेला जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब काढून वायरींना जोडला. बल्ब पेटला नाहीच, शिवाय तो जोडलेला असताना नव्या मीटरचा आकडाही शून्यावर आला.

झालं होतं असं. पंख्याची वायर ज्या पाइपातून येते, त्यातूनच ट्यूबलाइटची चालू फेज जाते. शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन तारा म्हणजे एक लहानसा कपॅसिटरच. ५० हर्ट्‌झच्या एसीचा, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या घरगुती विजेचा, किंचित प्रवाह त्यातून पलीकडच्या तुटक तारेत झिरपतो. नव्या मीटरचा अंतर्गत रोध १ कोटी ओम, म्हणजे १० मेगाओम. तो इतका कमी प्रवाह ओढतो की हे झिरपलेलं व्होल्टेज टिकून राहतं. जुन्याचा रोध बराच कमी, त्यामुळे तो जोडताच बहुतेक व्होल्टेज कोसळतं. बल्बची तार तर हजार ओमचीही नाही. म्हणजे मीटर दोन्ही बरोबरच होते. आपण जोडल्यावर जे उरलं, ते प्रत्येकाने दाखवलं. (बटण बंद करूनही एलईडी दिवा रात्री मिणमिणतो ना, त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. म्हणूनच या तपासणीला एलईडी चालत नाही.) मात्र बल्ब लावेपर्यंत ७८ व्होल्टची तार जिवंतच समजायची.

पिवळ्या मीटरची आणखी एक खोड. डावीकडे एकटा १ उभा राहतो आणि बाकी जागा रिकाम्या. तो एक व्होल्ट नव्हे; निवडलेली रेंज, म्हणजे मोजायची कमाल मर्यादा, पुरत नाही एवढंच तो सांगतो. या पडद्याला साडेतीन अंकी म्हणतात. उजवीकडच्या तीन घरांत ० ते ९ बसतात, डावीकडच्या पहिल्या घरात फक्त १ किंवा काहीच नाही. म्हणून मजल १९९९पर्यंतच. इन्व्हर्टरची बॅटरी २०च्या रेंजवर १२.६३ दिसते, २००वर १२.६, आणि २वर तो एकटा १. नवे मीटर त्या जागी ‘ओएल’, म्हणजे ओव्हरलोड, लिहितात.

आकड्याशेजारचं अक्षरही बघायचं. लहान एम म्हणजे हजारावा भाग, मोठा एम म्हणजे दहा लाख. ओमच्या खुणेआधी एकाऐवजी दुसरा वाचला तर चूक थेट १ अब्ज पटीची.

शेजारचे काका मात्र शेवटच्या अंकावर अडून बसतात. त्यांच्या घरी सॉकेटला २३१, आमच्या पिवळ्यावर २२६. मीटर बदलून घे, म्हणाले. पिवळ्याच्या कागदावर एसीसाठी १.२ टक्के अधिक १० अंक एवढी चूक मान्य आहे. २२६चे १.२ टक्के पावणेतीन व्होल्ट, आणि त्या रेंजवर शेवटचा अंक १ व्होल्टचा, म्हणून आणखी १०. म्हणजे खरा आकडा २१३ ते २३९ यांत कुठंही असू शकतो, आणि काकांचे २३१ त्यात आरामात बसतात. हे त्यांना कागदावर मांडून दाखवलं. पटलं नाही, त्यांचा मीटर महाग आहे.