डोंगराच्या पोटातलं मैदान

नॉर्वेतल्या योविक या लहानशा शहरात हॉव्हदेटॉपन नावाची टेकडी आहे. तिच्या पायथ्याच्या बोगद्यातून आत शिरलं की समोर येतं आइस हॉकीचं पूर्ण मैदान आणि सुमारे साडेपाच हजार माणसं बसतील एवढं प्रेक्षागृह. १९९४च्या लिलेहॅमर हिवाळी ऑलिंपिकमधले हॉकीचे काही सामने इथे झाले. पुढे खेळांबरोबर इथे गाण्याच्या मैफलीही रंगल्या.

उत्तर युरोपात मोठी बंदिस्त सभागृहं बरीच आहेत. स्टॉकहोमचा ११० मीटर व्यासाचा पांढरा ग्लोब तर लांबूनच ओळखू येतो. तरी मला सगळ्यांत थक्क करतो तो योविकचा हा टेकडीतला फ्येलहॉल, कारण त्याला छत बांधलेलंच नाही. हे सभागृह ६१ मीटर रुंद, ९१ मीटर लांब आणि २५ मीटर उंच आहे. मधे एकही खांब नाही. डोक्यावर २५ ते ५० मीटर जाडीचा खडक आहे, आणि तोही अखंड नाही, तड्यांनी भरलेला, नाइस नावाचा प्राचीन खडक.

मग तो कोसळत का नाही? घरीच करून पाहा. सात-आठ पुस्तकं उभी ओळीने लावा, दोन्ही टोकांना तळहात ठेवून घट्ट दाबा आणि ओळ उचला. मधलं पुस्तक खाली पडत नाही, कारण बाजूच्या दाबामुळे पुस्तकांमध्ये घर्षण तयार होतं. योविकच्या खडकातही असाच आडवा दाब आहे, आणि तो वरच्या खडकाच्या वजनामुळे येणाऱ्या दाबाच्या कित्येक पट आहे. तड्यांमुळे सुटे झालेले ठोकळे त्या दाबाने एकमेकांत आवळले जातात आणि छताची कमान आपला भार आपणच पेलते.

अर्थात हे गृहीत धरून कोणी सुरुंग लावले नाहीत. आधी खडकातला दाब मोजला गेला. तडे किती, त्यांच्या कडा किती खरबरीत, आत पाणी किती, हे सगळं खडकाचा दर्जा ठरवणाऱ्या क्यू पद्धतीने आकड्यांत मांडलं गेलं. ही पद्धत १९७४ साली निक बार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्वेतच मांडली होती. खोदाई माथ्यापासून सुरू झाली. मधोमध अरुंद बोगदा, मग तो दोन्ही बाजूंना रुंद करायचा आणि छत पक्कं झाल्यावरच खाली उतरायचं. छतात सहा मीटरचे रॉक बोल्ट (खडक आवळून धरणारे पोलादी दांडे) आणि बारा मीटरच्या केबल घातल्या, वर पोलादी तंतू मिसळलेल्या शॉटक्रीटचा, म्हणजे फवारलेल्या काँक्रीटचा, सुमारे दहा सेंटिमीटरचा थर दिला. काँक्रीटचं जाड अस्तर नाहीच. तब्बल १,४०,००० घनमीटर खडक बाहेर निघाला.

या काळात छतात बसवलेली उपकरणं एकच गोष्ट मोजत होती, छत किती खाली येतंय. गणिताचा अंदाज काही मिलिमीटरचा होता. एवढी प्रचंड पोकळी तयार झाल्यावर छत प्रत्यक्षात खचलं सात-आठ मिलिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी! हा आकडा वाचताना मला दरवेळी भरून येतं.

नॉर्वेच्या या खडककामाशी आपलंही नातं आहे. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली भरल्या जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेतलं, ते लेक टॅपिंगचं तंत्र नॉर्वेतच घडलेलं.

योविकला जमिनीखालचं मैदान परवडलं याचं कारण हवामानातही आहे. छतावर बर्फाचा भार नाही, वारा नाही. बाहेर कडाक्याची थंडी असो की उन्हाळा, खडकाचं तापमान वर्षभर जवळपास तेवढंच राहतं. शिवाय शहराच्या मध्यावरची जमीन वाचली. टेकडीवरची झाडं आजही जागच्या जागी आहेत.