शुद्ध न हरपता गुंगी : मुलांच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या भीतीवरील उपचारांची पार्श्वभूमी

शस्त्रक्रियेला जाणाऱ्या मुलाची भीती हा उपचाराचा विषय आहे, हे वैद्यकशास्त्राला उशिरा उमगले. १९४५ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड लेव्ही यांनी शस्त्रक्रियेनंतर मुलांमध्ये उरणाऱ्या मानसिक आघाताची तुलना युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या अवस्थेशी केली. १९५३ मध्ये भूलतज्ज्ञ जेम्स एकेनहॉफ यांनी टॉन्सिलची शस्त्रक्रिया झालेल्या ६१२ मुलांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे १७ टक्के मुलांच्या वागण्यात बदल आढळले. रात्री दचकून उठणे, अंथरूण ओले करणे, आईला क्षणभरही न सोडणे या तक्रारी तोवर हट्टीपणाच्या खात्यात जमा होत असत.

उपाय म्हणून हाताशी असलेली औषधे मात्र ओबडधोबड होती. क्लोरल हायड्रेट १८६९ पासून झोपेसाठी वापरात होते. पेथिडीन हे वेदनाशामक आणि प्रोमेथाझिन व क्लोरप्रोमाझिन ही गुंगी आणणारी औषधे यांचे मिश्रण स्नायूत टोचले जाई. त्याची गुंगी तासन्‌तास टिके, श्वसन मंदावण्याचा धोका असे आणि मुळात सुईला घाबरणाऱ्या मुलाला शांत करण्यासाठी सुईच टोचावी लागे.

चित्र पालटले ते मिडाझोलाममुळे. सत्तरच्या दशकाच्या मध्यात हॉफमन-ला रोश कंपनीत तयार झालेले हे औषध तोंडावाटे साधारणतः किलोमागे ०.५ मिलिग्रॅम दिल्यास वीस-तीस मिनिटांत मूल निवांत होते, हाकेला ओ देते, आईच्या कडेवरून न रडता उतरते आणि पुढचे बरेचसे विसरूनही जाते. भूलतज्ज्ञ झीव केन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पालकांची ऑपरेशन थिएटरमधील सोबत आणि मिडाझोलाम यांची तुलना केली, तेव्हा औषधच अधिक परिणामकारक ठरले. त्याची कडू चव झाकण्यासाठी ते गोड सिरपात मिसळून देण्याची पद्धत आहे.

या सोयीची दुसरी बाजू नजरेआड करणे धोक्याचे आहे, कारण जागेपणीची गुंगी नकळत गाढ होऊ शकते आणि लहान मुलाचा श्वास अडल्यास रक्तातील ऑक्सिजन मोठ्यांपेक्षा लवकर घसरतो. कॅलिफोर्नियातील एका दंतचिकित्सालयात तीन मुले दगावल्यानंतर अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. आज अशा सूचनांमध्ये आधीचा उपवास, पल्स ऑक्सिमीटर, श्वास सांभाळण्याची साधने आणि गरजेनुसार केवळ मुलावर लक्ष ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती यांचा आग्रह असतो. अलीकडे नाकावाटे दिले जाणारे डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचे औषध पुढे आले आहे. ते श्वसन तुलनेने कमी दाबते, पण परिणामाला अधिक वेळ घेते आणि नाडी मंदावू शकते.