फेअर आयल बेटावरचं शरदातलं पक्षीनिरीक्षण

फेअर आयल हे स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड ह्या दोन द्वीपसमूहांच्या साधारण मधोमध असलेलं बेट, लांबी जेमतेम ५ किमी, रुंदी २.५ किमी, वस्ती पन्नासेक माणसांची. उत्तरेला हेदर नावाच्या खुरट्या झुडपांचा माळ आणि वॉर्ड हिल (२१७ मी.), दक्षिणेला शेतं आणि घरं, मधून चुना-माती न वापरता रचलेला दगडी गडगा. ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत इथून पक्ष्यांचं स्थलांतर चालतं. खरा जोर मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो आणि जगभरचे बर्डर तेवढ्या चार-पाच आठवड्यांसाठीच सुट्ट्या जमवून ठेवतात.

बेटाच्या नावाबद्दल एकमत नाही. साधारण १२०० च्या आसपास रचल्या गेलेल्या ऑर्कनेयिंगा सागेत, म्हणजे ऑर्कनीच्या सरदारांच्या जुन्या नॉर्स कथेत, हे बेट फ्रिदारे म्हणून येतं, त्याचा अर्थ ‘शांततेचं बेट’ असा लावतात. दुसरं मत असं की मूळ शब्द मेंढीवाचक आहे, फॅरो बेटांच्या नावात असल्याचं सांगतात तोच. इंग्रजी ‘फेअर’ म्हणजे सुंदर हा अर्थ मागाहून चिकटला असावा. लेखी आधार असल्यामुळे सागेतलं नाव जास्त विश्वासाचं वाटतं, आणि पक्षीशास्त्रात तरी तेच रुजलंय, कारण फक्त ह्याच बेटावर राहणाऱ्या रेन पक्ष्याच्या उपजातीला १९५१ मध्ये केनेथ विल्यमसननी फ्रिडारिएन्सिस हे नाव दिलं.

शरदात मुद्दाम इथं येऊन पक्षी बघायची रीत विल्यम ईगल क्लार्क ह्या पक्षीशास्त्रज्ञापासून मानतात. जर्मन उपसागरातल्या हेलिगोलँड बेटावर हाइन्रिख गेट्केनी स्थलांतराच्या अनेक वर्षांच्या नोंदी ठेवल्या होत्या, तशीच जागा ब्रिटनच्या समुद्रात शोधत क्लार्क १९०५ च्या शरदात पहिल्यांदा इथं आला. पुढे आला स्कॉटिश पक्षीनिरीक्षक जॉर्ज वॉटरस्टन. हा दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये क्रीटवर पकडला गेला, आणि युद्धकैद्यांच्या छावणीतच त्यानं इथल्या पक्षी-वेधशाळेचा आराखडा मांडला. १९४७ मध्ये त्यानं अख्खं बेट विकत घेतलं, १९४८ मध्ये नौदलाच्या जुन्या झोपड्यांत वेधशाळा सुरू केली आणि १९५४ मध्ये बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ह्या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे सोपवलं. २०१० ची नवी इमारत मार्च २०१९ मध्ये आगीत खाक झाली. माणसं सुखरूप राहिली आणि नोंदी आधीच डिजिटल करून ठेवलेल्या असल्यामुळे वाचल्या, ही फार मोठी गोष्ट आहे, कारण इतक्या सलग नोंदी असलेल्या जागा थोड्याच.

आता वादाचा मुद्दा. उरल पर्वताच्या पलीकडे, सायबेरियात वाढलेला पक्षी हिवाळ्यासाठी दक्षिण किंवा आग्नेय आशियाकडे जायचा तो इथं कसा येतो? विल्यमसन ह्या वेधशाळेचा पहिला प्रमुख. त्यानं १९५० च्या दशकात वाऱ्यानं वाहत येण्याची उपपत्ती मांडली. स्कँडिनेव्हियावर हवेचा दाब जास्त असला की रात्र निरभ्र असते आणि पक्षी निघतात, अर्ध्या समुद्रात ढग-पाऊस लागतो, तारे दिसेनासे होतात, दिशा सुटते, आणि मग आग्नेयेचा वारा त्यांना ढकलत आणतो. रेडविंग, रॉबिन, ब्लॅककॅप अशा स्कँडिनेव्हियन पक्ष्यांचे थवे एका पहाटे बेटभर पसरलेले दिसतात त्याला हे स्पष्टीकरण नीट बसतं, पण चार-पाच हजार किलोमीटरवरून आलेल्यांना नुसता वारा पुरत नाही. १९६९ मध्ये डॅनिश अभ्यासक यॉर्न राबोलनी उलट स्थलांतराची कल्पना मांडली, म्हणजे पिल्लाच्या अंगातलं उपजत होकायंत्रच उलटं लागतं आणि आग्नेयेऐवजी ते वायव्येला निघतं. भरकटून येणाऱ्यांत बहुतेक त्याच वर्षी जन्मलेले असतात हे ह्याला धरून आहे. २००३ मध्ये गिलरॉय आणि लीस ह्यांनी शंका काढली की चुका फक्त उलट्याच दिशेला का व्हाव्यात, त्या सगळ्याच दिशांना होत असणार, आणि ह्यातले काही पक्षी भरकटलेले नसून पश्चिमेकडे हिवाळा काढायला खरोखरच निघालेले असतील. २०२१ मध्ये रिचर्डच्या तिरचिमणीवरचं काम आलं, त्यात ह्या सायबेरियन पक्ष्याचे प्रौढ फ्रान्सच्या दक्षिणेला दरवर्षी हिवाळ्यासाठी परत येतात असं दिसलं, म्हणजे तो एक नवा मार्गच झाला. सगळ्या जातींना एकच कारण लावणं चूक वाटतं. दिशा पक्ष्याच्या अंगातून येते आणि तो नेमका कुठल्या बेटावर उतरणार हे वारा ठरवतो, असं दोन्ही धरून चालणाऱ्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

म्हणूनच इथं येणारा माणूस सकाळी आधी वारा बघतो. वारा पश्चिमेचा असला की दिवस रिकामे जाऊ शकतात, आग्नेयेचा आणि सोबत पाऊस असला की रात्रभर झोप लागत नाही. बेटावर झाडं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे थकलेला पक्षी गडग्याच्या आडोशाला, ओट-सलगमच्या पिकात, चरात किंवा कड्यातल्या घळीत उतरतो. पाच-सहा ग्रॅमचा गोल्डक्रेस्ट अख्खा उत्तर समुद्र ओलांडून येतो आणि दगडांच्या फटीतले कोळी टिपत हातभर अंतरावर बसतो, माणसाकडे बघायचंही त्राण त्याच्यात नसतं. लॅन्सिओलेटेड वॉर्बलर हा छोटा वटवट्या तर उडायचं नावच घेत नाही, गवताच्या बुडातून उंदरासारखा पळतो, एवढंसं गवत हललं की तिथं नजर धरून बसायचं, आणि मग पाठीवरच्या काळ्या रेघा क्षणभर दिसतात. ब्रिटनमधल्या त्याच्या बऱ्याचशा नोंदी ह्याच बेटावरच्या आहेत. अशा पक्ष्याच्या मागे घोळक्यानं धावू नये, तो आधीच उपाशी असतो.

वेधशाळेचे लोक रोज ठरलेल्या वेळांना हेलिगोलँड सापळ्यांची फेरी मारतात. जाळीचं मोठं नसराळं, तोंड रुंद आणि टोकाला पेटी, पक्ष्याला हळूहळू पुढे सारत न्यायचं, पेटीतून काढून मोजमाप घ्यायचं, पायात नंबराचं कडं घालायचं आणि सोडून द्यायचं. रात्री सगळे एकत्र बसतात, एकेका जातीचं नाव पुकारलं जातं आणि दिवसभरातले आकडे लॉगमध्ये चढतात.

पोचायला शेटलंडहून छोटी बोट, साधारण अडीच तास, किंवा शेटलंडवरच्याच टिंगवॉलहून छोटं विमान. धुकं किंवा वादळ असलं की दोन्ही बंद, म्हणून परतीला दोन-तीन दिवस हाताशी ठेवावेत.

मराठी पक्षीमित्रांना इथल्या यादीत ओळखीचे बरेच सापडतील. पिवळ्या डोक्याचा धोबी हिवाळ्यात आपल्या पाणथळींवर सहज दिसतो, ब्रिटनमधली त्याची पहिली नोंद १९५४ मध्ये इथंच झाली. ब्लिथचा बोरू वटवट्या तर आपल्याकडे परसातल्या झुडपातही ‘टक् टक्’ करत असतो. ज्याचं नाव त्याला मिळालं तो एडवर्ड ब्लिथ कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर होता. हा पक्षी फिनलंडपासून सायबेरियापर्यंत घरटी करतो आणि हिवाळ्याला भारतीय उपखंडात उतरतो, पण ब्रिटनला तो पहिल्यांदा कळला तो १९१० च्या सप्टेंबरात, फेअर आयलवर.