काटा देणाऱ्याच्याच हातात: अ‍ॅफिलिएट कमिशन कापण्याच्या पद्धती कशा घडत गेल्या

अ‍ॅफिलिएट मार्केटिंगमध्ये, म्हणजे आपण दिलेल्या दुव्यावरून झालेल्या विक्रीवर कमिशन घेण्याच्या धंद्यात, विक्री मोजणारा आणि त्या विक्रीचे पैसे देणारा बहुतेक वेळा एकच असतो. ऊस उत्पादकाला कारखान्याच्या काट्याबद्दल जी शंका येते, तीच इथे दुवा देणाऱ्याला, म्हणजे अ‍ॅफिलिएटला, येते. उसाची गाडी निदान बाहेरच्या काट्यावर आधी मोजून नेता येते. इथे मात्र क्लिकचं पुढे काय झालं हे सगळं दुसऱ्याच्या सर्व्हरवर घडतं. कमिशन बुडवण्याच्या बहुतेक पद्धती याच व्यवस्थेतून निघाल्या, आणि मोजणी जसजशी एका हातातून दुसऱ्या हातात गेली तसतशा त्या बदलत गेल्या.

सुरुवात साधी होती. विल्यम टोबिन यांच्या पीसी फ्लॉवर्स अँड गिफ्ट्सने १९८९ मध्ये प्रॉडिजी या ऑनलाइन सेवेवर विक्रीच्या वाट्याची पद्धत वापरली. १९९४ च्या नोव्हेंबरात सीडीनाऊने संगीताच्या संकेतस्थळांना आपल्याकडे ग्राहक पाठवण्याबद्दल कमिशन देऊ केलं. अ‍ॅमेझॉनचा असोसिएट्स कार्यक्रम जुलै १९९६ मध्ये आला. दरम्यान १९९४ मध्येच नेटस्केपमध्ये लू मोंटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये साठणारी छोटी नोंद, तयार केली होती, त्यामुळे क्लिक आज आणि खरेदी चार दिवसांनी झाली तरी तिचं श्रेय कुणाचं हे लक्षात ठेवणं शक्य झालं. ही नोंद ठेवायची दुकानदारानेच, आणि हिशेब सांगायचाही त्यानेच.

लिंकशेअर, बी फ्री आणि १९९८ मध्ये सुरू झालेलं कमिशन जंक्शन ही नेटवर्कं पुढे आली ती मधला तिसरा मोजणीदार म्हणून. दुकानाच्या ‘ऑर्डर मिळाली, धन्यवाद’ या पानावर नेटवर्कचं एक अदृश्य चित्र बसवायचं, एक पिक्सेल बाय एक पिक्सेलचं. ते लोड झालं की विक्री नोंदली जायची. कल्पना चांगली होती, पण पिक्सेल दुकानाच्या पानावर होता आणि ते पान दुकानाच्या ताब्यात. नवं डिझाइन आलं की पिक्सेल गळायचा, मोबाइलच्या चेकआउटवर तो कधी बसवलेलाच नसायचा, कूपन वापरलं तर तो चालवायचाच नाही अशी अट कोडमध्ये गुपचूप घातली जायची. यातली पहिली गफलत आणि शेवटची लबाडी अहवालात अगदी सारख्या दिसतात. आजही पहिली तपासणी हीच करावी: जाहिरातदाराच्या परवानगीने मोबाइल, संगणक आणि कूपनसह अशा तीन वेगळ्या वाटांनी ऑर्डर पूर्ण करून तिन्ही नोंदी येतात का ते पाहायचं.

२००२ मध्ये मॉर्फियससारख्या फाइल-शेअरिंग प्रोग्रॅमसोबत आलेली सॉफ्टवेअरं वापरकर्त्याच्या संगणकावर बसून दुसऱ्याच्या कमिशनवर स्वतःचा कोड चढवत असल्याचं उघड झालं. त्या डिसेंबरात मोठ्या नेटवर्कांनी मिळून आचारसंहिता काढली. तिचा परिणाम मर्यादित राहिला, आणि कारण उघड आहे. अशा नेटवर्कांचं उत्पन्न म्हणजे कमिशनवर दुकानदाराकडून मिळणारी टक्केवारी. श्रेय प्रामाणिक ब्लॉगला गेलं काय किंवा शेवटच्या क्षणी घुसलेल्या सॉफ्टवेअरला गेलं काय, नेटवर्कच्या हाती येणारी रक्कम तीच. चोर पकडण्यात नेटवर्कचा स्वतःचा फायदा काहीच नव्हता.

त्यानंतर आलेल्या सीपीए (कॉस्ट पर अ‍ॅक्शन, म्हणजे ठरलेली कृती झाली की पैसे) नेटवर्कांनी हिशेबाचा पायाच बदलला. ही नेटवर्कं जाहिरातदाराकडून एका दराने ‘लीड’ (संभाव्य ग्राहकाची माहिती) किंवा विक्री घेतात आणि अ‍ॅफिलिएटला त्याहून कमी दर देतात: जाहिरातदाराकडून ५०० रुपये, अ‍ॅफिलिएटला ४००, मधले १०० आपले. आता न दाखवलेल्या प्रत्येक विक्रीचे पूर्ण ५०० रुपये नेटवर्कचे. शेव्हिंग, म्हणजे ठरावीक टक्के विक्री अहवालातून वगळणं, इथे फळलं. २००९ मध्ये हॅसऑफर्ससारखं भाड्याने मिळणारं ट्रॅकिंग सॉफ्टवेअर आल्यावर स्वतःची यंत्रणा न बांधताही कुणालाही नेटवर्क काढता येऊ लागलं. अशा काही प्रणालींमध्ये किती टक्के विक्री अ‍ॅफिलिएटला कळवायची नाही हे ठरवणारी सेटिंगच असते. निकृष्ट लीडचे पैसे जाहिरातदार देत नाही, म्हणून ती सोय आहे असं समर्थन केलं जातं. पण निकृष्ट लीड कारण देऊन नाकारता येते. ती दिसूच न देणं ही वेगळी गोष्ट आहे.

शेव्हिंग नुसत्या डोळ्यांना का दिसत नाही ते आकड्यांवरून कळतं. रोज ५,००० क्लिक आणि २ टक्के विक्री म्हणजे १०० ऑर्डर. नेटवर्कने ८ टक्के कापले तर ९२ दिसतील. शंभराच्या आसपासच्या आकड्यात दिवसागणिक दहा-बाराची चढउतार नैसर्गिकच असते, त्यामुळे ९२ पाहून कुणाला शंका येत नाही. ४०० रुपये दराने मात्र रोजचे ३,२०० आणि महिन्याचे ९६,००० रुपये गेलेले असतात.

म्हणून मोजणी स्वतःची हवी. प्रत्येक क्लिकला आपला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा, तो नेटवर्कच्या दुव्यातल्या सबआयडी (आपली खूण लिहिण्याच्या) रकान्यातून पाठवावा आणि वेळ, साधन, ब्राउझर, पान यांसह आपल्याकडे साठवावा. नेटवर्ककडून पोस्टबॅक घ्यावा, म्हणजे विक्री झाली की त्यांचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला तो क्रमांक परत पाठवतो. आधी क्लिकचे आकडे जुळवा. बॉटचे (यंत्राने केलेले) आणि दुहेरी क्लिक वगळल्यामुळे ५ ते १० टक्के फरक पडू शकतो. त्याहून मोठा फरक असेल तर विक्रीकडे वळण्याआधी क्लिक कुठे गळतात ते शोधा.

मग चाचणी ऑर्डर. स्वतःच्या दुव्यावरून स्वतः खरेदी करणं बहुतेक करारांत निषिद्ध असतं आणि तेच पुढे खातं बंद करण्याचं कारण होतं, म्हणून जाहिरातदाराची लेखी परवानगी घ्या, किंवा ज्यांना ती वस्तू खरोखर घ्यायची आहे अशा ओळखीच्यांच्या ऑर्डर नोंदवा. किती ऑर्डर पुरेत? नेटवर्क १० टक्के कापत असेल, तर १० चाचणी ऑर्डरींपैकी एकही गळणार नाही याची शक्यता ३५ टक्के राहते. म्हणजे दहाच्या दहा दिसल्या म्हणून निर्धास्त होता येत नाही. ३० ऑर्डर केल्या तर ही शक्यता ४ टक्क्यांवर येते. त्या सगळ्या एकाच दिवशी करू नका, कारण कापाकापी बहुधा दिवसाची विक्री ठरावीक आकड्यापलीकडे गेल्यावर किंवा खातं जुनं झाल्यावर सुरू होते. पहिले काही आठवडे चोख हिशेब मिळणं हा प्रामाणिकपणाचा पुरावा नाही.

दुसरी चाचणी म्हणजे तीच ऑफर दोन नेटवर्कांतून घेऊन क्लिक आलटूनपालटून वाटणं. इथे घाईने निष्कर्ष काढले जातात. प्रत्येकी २,००० क्लिकवर एकीकडे ४० आणि दुसरीकडे ३२ विक्री दिसली तर ती निव्वळ योगायोगाची तफावत असू शकते. प्रत्येकी १०,००० क्लिकवर २०० विरुद्ध १६० दिसल्या, तर मात्र स्पष्टीकरण मागण्याइतका आधार हाती आला. आणखी एक खूण अशी की दर वाढवून मागितला, ४०० चे ४६० झाले, आणि त्याच आठवड्यात विक्रीचं प्रमाण तेवढंच उतरलं, प्रति क्लिक कमाई जागच्या जागी राहिली. हे एकदा झालं तर सोडून द्या, दुसऱ्यांदा झालं तर आपले क्लिक दुसऱ्या नेटवर्ककडे वळवा.

नेटवर्कांना सबबी मिळाल्या त्या अ‍ॅफिलिएटांमधल्याच खऱ्या लबाडांमुळे, हेही सांगायला हवं. ईबेच्या कार्यक्रमात कुकी स्टफिंग, म्हणजे क्लिक न होताच वाचकाच्या ब्राउझरमध्ये कुकी टाकणं, इतकं वाढलं की ईबेने २००८ मध्ये खटला भरला, आणि पुढच्या फौजदारी खटल्यात शॉन होगन आणि ब्रायन डनिंग या दोघांना २०१४ मध्ये तुरुंगवास झाला. जाहिरातदार सावध झाले, व्हॅलिडेशन, म्हणजे विक्री खरी आहे का याची पडताळणी, कडक झालं. ते योग्यच होतं. पण ‘तुमच्या ट्रॅफिकमध्ये गैरप्रकार आढळला’ हे वाक्य तेव्हापासून पैसे अडवण्याचं सर्वांत सोपं साधन झालं, कारण त्यासोबत तपशील देण्याचं बंधन करारात नसतं. अ‍ॅफिलिएट नेटवर्क नसलेल्या, संकेतस्थळांवर जाहिराती दाखवण्याचे पैसे देणाऱ्या गुगल अ‍ॅडसेन्सवरही बंद केलेल्या खात्यांची शिल्लक रोखल्याबद्दल २०१४ मध्ये सामूहिक दावा झाला आणि २०१८ मध्ये १.१ कोटी डॉलरना तो मिटवला गेला. आरोपाची वेळ पाहा: खातं चार महिने चालू, पेमेंटच्या आठवड्यात बंद. गैरप्रकार खरा असेल तर नेटवर्कला कोणत्या क्लिक क्रमांकांवर आक्षेप आहे हे सांगता येतं, आणि उरलेल्या विक्रीचे पैसे अडवण्याचं कारण राहत नाही.

पुढे ब्राउझरांनीच मोजणी मोडली. अ‍ॅपलच्या सफारीने सप्टेंबर २०१७ पासून मागोवा घेणाऱ्या कुकींवर मर्यादा आणल्या आणि मार्च २०२० मध्ये तिसऱ्या पक्षाच्या (उघडलेल्या साइटव्यतिरिक्त दुसऱ्याच्या) कुकी पूर्ण बंद केल्या. खरी गळती आणि कापाकापी वेगळी ओळखायला याचाच उपयोग होतो. ब्राउझरमुळे होणारी गळती सफारीत आणि आयफोनवर साचते. शेव्हिंग सगळ्या ब्राउझरांत सारखं पसरतं. तेव्हा ‘अ‍ॅपलमुळे ट्रॅक झालं नाही’ असं उत्तर आलं तर आधी अँड्रॉइडवरच्या क्रोमचं विक्रीप्रमाण काढा. तेही तेवढंच उतरलं असेल तर ते उत्तर चुकीचं आहे.

शेवटच्या क्लिकला सगळं श्रेय देण्याचा जुना नियम मात्र टिकून आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पेपालच्या हनी या ब्राउझर एक्स्टेन्शनवर आरोप झाला की चेकआउटला पॉपअप दाखवून ते दुवा देणाऱ्या यूट्यूबर-ब्लॉगरांचा अ‍ॅफिलिएट कोड काढून आपला बसवतं. अमेरिकेत सामूहिक दावे दाखल झाले, आणि मार्च २०२५ मध्ये गुगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनांसाठी नियम कडक केले: वापरकर्त्याला थेट फायदा आणि त्याची कृती असल्याशिवाय अ‍ॅफिलिएट कोड घालायचा नाही.

भारतात गळतीची मोठी जागा म्हणजे अ‍ॅप. दुवा ब्राउझरमध्ये उघडतो, दुकान ‘अ‍ॅपमध्ये उघडा’ म्हणतं आणि तिथे कुकी संपते. मिंत्राने मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून केवळ अ‍ॅपवर जाण्याचा प्रयोग केला, तेव्हा वेबच्या कुकीवर उभ्या असलेल्या मोजणीला तिथे जागाच उरली नाही. म्हणून मोहीम घेण्यापूर्वीच लेखी विचारा: अ‍ॅपमधली विक्री मोजली जाते का, आणि अ‍ॅप आधीच फोनवर असलेल्या ग्राहकाची मोजली जाते का.

दुसरी जागा म्हणजे रद्द ऑर्डरी. कॅश ऑन डिलिव्हरीत माल नाकारला जाण्याचं प्रमाण आगाऊ पैसे भरलेल्या ऑर्डरींपेक्षा बरंच जास्त असतं, कपड्यांत परती जास्त, वेब होस्टिंगमध्ये कमी. खऱ्या रद्द नोंदींत हा उंचसखलपणा दिसतो. सगळ्या वर्गांत एकसारखे ३० टक्के रद्द, तेही व्हॅलिडेशनच्या शेवटच्या दिवशी एका फटक्यात, असं दिसलं तर ऑर्डरनिहाय यादी मागा: ऑर्डर क्रमांक, तारीख, कारण, पैसे भरण्याचा प्रकार. ‘मर्चंटकडून पेमेंट आलं नाही’ हे उत्तर मिळालं तर थेट मर्चंटच्या, म्हणजे दुकानाच्या, मार्केटिंग विभागाला त्या महिन्याबद्दल ईमेल करा. अनेकदा पैसे कधीच दिलेले असतात.

भारतीय नेटवर्क असेल तर प्राप्तिकराच्या नोंदीही उपयोगी पडतात. कमिशनवरचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाला, आणि एप्रिल २०२५ पासून वार्षिक मर्यादा १५,००० वरून २०,००० रुपये झाली. रक्कम खात्यात जमा दाखवली किंवा प्रत्यक्ष दिली, यापैकी जे आधी घडेल तेव्हा हा कर कापायचा असतो. म्हणून प्राप्तिकर पोर्टलवरचं आपल्या नावे कापलेल्या कराचं विवरण (२६एएस) उघडून पाहा. तिथे एक लाखावर टीडीएस दिसतो आणि बँकेत साठ हजारांचाच हिशेब आला, तर उरलेली रक्कम आपल्याला देणं असल्याचं नेटवर्कने आपल्याच पुस्तकात मान्य केलेलं आहे. तिमाही विवरण येताच ती नोंद डाउनलोड करून ठेवा. जीएसटी नोंदणी असेल तर रक्कम लेखी मान्य होईपर्यंत केवळ प्रोफॉर्मा (कच्चं बीजक) द्या. कर बीजक दिल्यावर पैसे बुडाले तरी १८ टक्के कर खिशातून जातो.

वसुलीसाठी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) हे छोट्या अ‍ॅफिलिएटचं सर्वांत चांगलं हत्यार आहे, फक्त ती काम करण्याआधी झालेली हवी. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, करारात ‘नेट ६०’ किंवा ‘नेट ९०’ (६० किंवा ९० दिवसांनी पैसे) लिहिलेलं असलं तरी. नेटवर्क म्हणेल की दिवस व्हॅलिडेशननंतर मोजायचे. कायद्यात आक्षेप १५ दिवसांत लेखी घ्यावा लागतो, नाहीतर सेवा दिल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरतात. म्हणून महिन्याचा अहवाल संपताच आपल्या आकड्यांसह ईमेल पाठवून तारीख पक्की करा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन दाखल होऊन अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते, आणि तिथला निवाडा न्यायालयात आव्हान द्यायचा तर नेटवर्कला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. दिवाळखोरी संहितेची धमकी बरेच जण देतात, पण मार्च २०२० पासून तिथे किमान थकबाकी एक कोटी रुपयांची हवी.

परदेशी नेटवर्कविरुद्ध यातलं काहीच चालत नाही. तिथे किमान पेआउटची मर्यादा सर्वांत खाली ठेवा, साप्ताहिक पेमेंट मिळेल तिथे घ्या, आणि थकलेली रक्कम जितकी बुडाली तरी झेपेल तितकी झाली की दुवे काढून घ्या, पुढच्या पेमेंटची तारीख कितीही जवळ असो.