हिम आणि पाऊस यांच्या सीमारेषेची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईच्या नळांना येणारे पाणी भातसा आणि मोरबे धरणांत पावसाळ्यातच साठवून ठेवावे लागते. सिंधू, चिनाब, सतलज यांच्या खोऱ्यांत साठवणीचे हे काम बऱ्याच अंशी हिम करते. ते हिवाळ्यात पडते, डोंगरावरच थांबते आणि उन्हाळ्यात वितळत खाली येते. हवा तापली की त्यातला काही वाटा पाऊस होऊन पडतो आणि लगेच वाहून जातो.

कर्बवायूमुळे तापमान वाढते, हे गणित १८९६ मध्येच मांडले गेले होते. पाण्याच्या नियोजनात हिमाचा प्रश्न ठळकपणे आला तो बऱ्याच उशिरा. जगातील एक षष्ठांशाहून अधिक लोकसंख्या हिम आणि हिमनद्यांच्या पाण्यावर विसंबून आहे, असा अंदाज २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

खरा वाद आहे तो मोजणीचा. डोंगरातील बहुतेक पर्जन्यमापक पडलेले पाणी तेवढे नोंदवतात, ते हिम होते की पाऊस हे सांगत नाहीत. म्हणून गणिती प्रारूपांत हवेचे एक ठरावीक तापमान, बहुधा शून्य ते दोन अंशांमधले, सीमारेषा मानण्याचा निर्णय रूढ झाला. तो सोयीचा होता, पण माझ्या मते फार काळ टिकवला गेला. कोरड्या हवेतून पडताना हिमकणाचे थोडे बाष्प होते, त्यामुळे तो थंड राहतो आणि हवा तीन-चार अंशांवर असतानाही हिम म्हणूनच जमिनीवर पोहोचू शकतो. दमट हवेत मात्र तो एका अंशाच्या आसपासच विरघळतो. लडाख आणि दार्जिलिंग यांना एकच रेषा लावली, तर साठलेल्या हिमाचा हिशेब सुरुवातीलाच चुकतो. ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाची नोंद वापरली, तर ही चूक बरीच कमी होते.

जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वर न वितळलेल्या हिमावर मुसळधार पाऊस पडला, चोराबारी तलाव फुटला आणि महाराष्ट्रातले अनेक यात्रेकरूही त्या संकटात सापडले. १४ ऑगस्ट २०२१ रोजी ग्रीनलंडच्या ३,२१६ मीटर उंचीच्या माथ्यावर प्रथमच पावसाची नोंद झाली. उत्तर गोलार्धातील उंच प्रदेशांत तापमानवाढीच्या प्रत्येक अंशामागे अतिवृष्टी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते, असे २०२३ मधील अभ्यासात आढळले. हवेची बाष्प धरण्याची क्षमता अंशामागे सुमारे सात टक्क्यांनीच वाढते. उरलेली वाढ मुख्यतः पूर्वी हिम म्हणून पडणाऱ्या पाण्याची आहे.